आरएक्स १०० ची गेलेली ताकद : फिल्टर आणि सायलेन्सर बदलून परत येईल का?

खानापूरचा मास्तर

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे वडिलांनी १९९४ साली नवी घेतलेली यामाहा आरएक्स १०० आहे. नोंदणी केए-२२ (बेळगाव) चीच असून पुनर्नोंदणी वेळोवेळी केलेली आहे, आणि आजही शाळेसाठी रोज पन्नासेक किलोमीटर याच गाडीवर जाणे-येणे होते. गाडी बंद पडत नाही, सुरूही एक-दोन किकमध्ये होते. परंतु गेल्या तीन-चार वर्षांत तिची ताकद हळूहळू इतकी उतरली आहे की पूर्वी सहज नव्वदीला पोहोचणारा काटा आता पंचाहत्तरच्या पुढे सरकत नाही, आणि मागे कोणी बसले असल्यास जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना जे चढ आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये काढत होतो तेथे आता दुसऱ्यावर यावे लागते.

मागील आठवड्यात शहरातील एका सुट्या भागांच्या दुकानात हा विषय काढला, तेव्हा दुकानदारांनी मूळ एअर बॉक्स (हवेच्या फिल्टरची बंद पेटी) काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि मूळ सायलेन्सरच्या जागी एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे मध्ये फुगीर आणि टोकाकडे शंकूसारखी निमुळती होणारी धुराची नळी, बसवण्याचा सल्ला दिला. दोन्ही मिळून खर्च साडेनऊ हजार रुपये होईल आणि 'गाडी नव्यापेक्षा जास्त पळेल' असे त्यांचे म्हणणे होते. पैशांचा प्रश्न आहेच, पण त्याहून अधिक भीती अशी की वडिलांच्या हातची गाडी एखाद्या प्रयोगात बिघडू नये. हे दोन बदल केल्यास गेलेली ताकद खरोखर परत मिळते का, याबाबत अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

उद्यमबागचा लेथवाला

गुरुजी, नमस्कार. उद्यमबागेत सिलिंडर बोअरिंगचे काम करण्यात माझी तीसेक वर्षे गेली, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आपण जे लिहिले आहे त्यात एक शब्द महत्त्वाचा आहे, तो म्हणजे 'हळूहळू'. या गाडीची मूळ ताकद इंजिनाच्या मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना सुमारे ११ अश्वशक्ती होती, आणि ती याच एअर बॉक्समधून श्वास घेऊन व याच सायलेन्सरमधून धूर सोडून मिळत होती. त्या दोन भागांचा आकार तीन वर्षांत बदललेला नाही. म्हणून जी ताकद गेली ती कोठून गेली हे आधी शोधावे लागेल. नवीन भाग लावून गळती झाकता येते, पण ती थांबत नाही.

सर्वांत आधी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवून पाहा. ब्रेकचे शू ड्रमला घासत असले किंवा चेन फार ताणलेली असली, तर इंजिन निरोगी असूनही काटा पुढे सरकत नाही. त्यानंतर चढावर चौथ्या गिअरमध्ये एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन पाहा : इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र तेथेच राहिला, तर क्लच प्लेट घसरत आहेत. ही दोन कारणे हास्यास्पद वाटतील, परंतु इंजिन उघडायला माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी काहींना मी इंजिन न उघडताच परत पाठवले आहे.

आता इंजिनाकडे वळू. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हाच भाता असतो. पिस्टन वर जाताना खाली पोकळी निर्माण होऊन कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोलचे मिश्रण आत येते, आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. भाता फुटला असेल तर लोहाराने चिमणी बदलून उपयोग काय? हा भाता आपल्या गाडीत तीन ठिकाणी फुटू शकतो. पहिले ठिकाण म्हणजे रीड व्हॉल्व्ह, मिश्रणाला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. त्याच्या पातळ पाकळ्या कालांतराने वाकतात किंवा त्यांचा कोपरा तुटतो, आणि आत आलेले मिश्रण पुन्हा कार्ब्युरेटरकडे फेकले जाते. रीडचा ठोकळा बाहेर काढून उजेडासमोर धरावा; पाकळीखालून उजेडाची स्पष्ट रेघ दिसली तर ती बदलावी. दुसरे म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधील रबरी जोड, ज्याला बारीक भेगा पडतात. तिसरे, आणि सर्वांत फसवे, म्हणजे क्रँकची ऑइल सील. उजव्या, म्हणजे क्लचच्या बाजूची सील गेली तर गिअरचे तेल आत ओढले जाऊन पांढरा धूर पडतो, त्यामुळे ते लगेच कळते. डाव्या, म्हणजे मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूची सील गेली तर धूर पडत नाही; नुसती हवा आत येते, मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), आणि गाडी तापल्यावर ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाच्या फेऱ्या लवकर खाली येत नाहीत. हे लक्षण आपल्या गाडीत दिसते का, ते कृपया कळवावे.

त्यानंतर कार्बन. तेल जळणाऱ्या इंजिनात तो धरणारच. एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर जाण्याच्या भोकाच्या, कडेने दोन मिलिमीटरचा थर बसला की पोर्ट लहानच झाला असे समजा. सायलेन्सरच्या मागच्या टोकाचा बोल्ट काढल्यावर आतील जाळीची नळी बाहेर ओढता येते. तिची भोके बुजली असतील तर धूर बाहेर पडायला वाटच उरत नाही. नळी जाळून किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून साफ होते, मात्र हे काम अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून करावे, आणि तो सोडा हेड, पिस्टन किंवा कोणत्याही ॲल्युमिनियमच्या भागाला लागू देऊ नये, कारण तो ॲल्युमिनियम खातो. पोर्टमधील कार्बन लाकडी पट्टीने खरवडावा, स्क्रू ड्रायव्हरने नव्हे.

एवढे सगळे ठीक निघाले तरच सिलिंडर उतरवून बोअर मापावा. बोअर (सिलिंडरचा आतील व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोन्ही ५० मिलिमीटर आहेत. बोअर अंडाकृती झाला आहे का, वर-खाली फरक पडला आहे का, हे बोअर गेजवर दोन मिनिटांत कळते. नुसत्या रिंग बदलून भागत असेल तर बोअर वाढवू नये, कारण प्रत्येक बोअरबरोबर त्या ब्लॉकचे आयुष्य एका पायरीने कमी होते.

निपाणीकर

लेथवाले काकांचे म्हणणे मी स्वतःच्या खिशातून पैसे मोजून शिकलो आहे, म्हणून लिहितो.

माझी गाडीही आरएक्स १०० च, १९९२ ची. तवंदी घाटात ती ओढत नाही एवढ्या कारणावरून मी नेमके आपल्याला सुचवलेले दोन्ही भाग एका गॅरेजमधून बसवून घेतले. कार्ब्युरेटरला कोणी हात लावला नाही. पहिले दोन आठवडे मी अतिशय खूश होतो, कारण आवाज मोठा झाला होता आणि मोठ्या आवाजात प्रत्येक गाडी वेगवान वाटते. नंतर एका रविवारी आंबोलीमार्गे सावंतवाडीला निघालो. घाट उतरून सपाटीला लागल्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरवर चार-पाच किलोमीटर गेलो असेन, तोच मागचे चाक एकाएकी अडकले. क्लच दाबण्याचे सुचले म्हणून मी पडलो नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता. उघडल्यावर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि डोक्यावर पांढुरका भाजल्याचा रंग.

कारण नंतर समजले. उघड्या फिल्टरमुळे हवा जास्त येऊ लागली होती, पण जेट (कार्ब्युरेटरमधील पेट्रोल सोडणारे बारीक भोक) मूळचाच असल्यामुळे पेट्रोल तेवढेच येत होते, म्हणजे मिश्रण पातळ झाले. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेलही असते आणि पेट्रोलच पिस्टनला थोडेफार थंड ठेवते, त्यामुळे पातळ मिश्रणावर गाडी काही काळ हलकी व चपळ वाटते आणि मग एकदम हिशेब मागते. शिवाय तंबाखू आणि उसाच्या हंगामात आमच्या भागात रस्त्यावर जी धूळ असते ती त्या फिल्टरमधून किती आत गेली असेल याची कल्पना बोअर पाहून आली.

टिळकवाडीचा टू-स्ट्रोक

वरील दोन्ही ज्येष्ठांविषयी आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. एक्स्पान्शन चेंबर ही नुसत्या आवाजाची वस्तू नाही. टू-स्ट्रोकमध्ये योग्य चेंबरइतका फरक दुसऱ्या कोणत्याही एका भागाने पडत नाही, आणि निपाणीकरांच्या गाडीचा दोष चेंबरचा नसून न बदललेल्या जेटचा होता, हे त्यांनीच लिहिले आहे. मी माझ्या गाडीवर चेंबर लावले, मेन जेट वाढवला, प्रत्येक बदलानंतर प्लगचा रंग पाहिला, आणि गाडी उत्तम चालते. तेव्हा 'बदल करूच नका' असा निष्कर्ष गुरुजींनी काढू नये.

उद्यमबागचा लेथवाला

टिळकवाडीकरांशी मी अर्धा सहमत आहे. चेंबरचे शास्त्र खरे आहे. एक्झॉस्ट पोर्ट उघडल्यावर दाबाची एक लाट नळीतून जाते. रुंद होत जाणाऱ्या शंकूतून ती उलट ओढ बनून परत येते आणि सिलिंडरमधील धूर बाहेर खेचते, तर पुढच्या अरुंद होत जाणाऱ्या शंकूवर आपटून ती पुन्हा दाब बनून येते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पोर्ट बंद होण्याच्या आत परत सिलिंडरमध्ये ढकलते. परंतु ही परतीची लाट वेळेवर पोहोचली तरच उपयोग, आणि ती वेळ नळीच्या लांबीवर ठरते.

कागदावर मांडून पाहा. गरम धुरात लाटेचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर धरला, आणि पोर्ट १८० अंश उघडा राहतो असे हिशेबापुरते मानले, तर ७,५०० फेऱ्यांना तो वेळ ०.००४ सेकंद होतो. तेवढ्यात लाट २ मीटर धावते, म्हणजे जाऊन-येऊन १ मीटरची लांबी हवी. तोच हिशेब ९,००० फेऱ्यांसाठी केला तर लांबी ८३ सेंटिमीटर येते. बाजारात 'रेसिंग' म्हणून मिळणारी आखूड चेंबरे या दुसऱ्या प्रकारची असतात. त्यांची ताकद वर, फार अरुंद पट्ट्यात असते, आणि चार ते सहा हजार फेऱ्यांवर, जेथे गुरुजींची गाडी कणकुंबीचा चढ चढते, तेथे परतीची लाट अवेळी येऊन उलट मिश्रण बिघडवते. चार गिअरच्या गाडीत गिअरांमधील अंतर जास्त असल्यामुळे तो अरुंद पट्टा सांभाळणे आणखी कठीण. टिळकवाडीकर बहुधा सपाट हायवेवर फिरत असावेत.

काही मुले याच्या जोडीला एक्झॉस्ट पोर्ट वर घासून घेतात. ५० मिलिमीटर स्ट्रोकमध्ये पोर्टची वरची कड १ मिलिमीटरने वर नेली की तो एकूण चार ते पाच अंश जास्त वेळ उघडा राहतो; ऐकायला किरकोळ, पण खालची ओढ त्यात जाते आणि घासलेले लोखंड परत भरता येत नाही. हे काम मी गिऱ्हाइकाने दोनदा विचारल्याशिवाय करत नाही.

जेटविषयी मात्र सगळ्यांनीच लक्ष द्यावे, कारण गाडीत काहीही बदल केला नसला तरी पेट्रोल बदलले आहे. ही गाडी शुद्ध पेट्रोलसाठी बनली होती, ज्याच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास लागते. म्हणजे जुन्याच जेटवर आजचे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते. याउलट बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंच आहे, येथील हवा सात-आठ टक्के विरळ आहे, आणि विरळ हवेत कार्ब्युरेटर साडेतीन-चार टक्के जाड मिश्रण देतो. दोन्हींची वजाबाकी होऊन येथे गाडी निम्मीच पातळ चालते आणि कोणाला कळत नाही; पण तीच गाडी घाट उतरून कोकणात किंवा गोव्यात गेली की उंचीची ती सवलत संपते. निपाणीकरांची गाडी आंबोलीच्या वर नव्हे तर खाली सपाटीला जाम झाली, यात मला तरी नवल वाटत नाही.

उपाय स्वस्त आहे. अर्ध्या ॲक्सिलरेटरवर गाडी अडखळत असेल तर कार्ब्युरेटरमधील सुईची क्लिप एक खाच खाली लावावी, म्हणजे सुई वर उचलली जाऊन पेट्रोल जास्त येते. पूर्ण ॲक्सिलरेटरवर दम नसेल तर मेन जेट एकेक पायरी वाढवावा, पूर्ण वेगात इंजिन बंद करून व क्लच दाबून थांबावे, आणि प्लग काढून पाहावा. कॉफीसारखा तपकिरी रंग हवा. पांढरा दिसला तर थांबावे.

कॅम्पचा कागदवाला

तांत्रिक चर्चेत माझी फारशी गती नाही, परंतु कागदांबाबत एक गोष्ट राहून गेली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि ध्वनी व हवा प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०(२) लागू होते, ज्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमाल दंड दहा हजार रुपयांपर्यंत गेला आहे व परवाना तीन महिने अपात्र होऊ शकतो. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला न्यावी लागते आणि तेव्हा निरीक्षक गाडी समोर उभी करून पाहतात. अनेकांनी त्या दिवसापुरता मूळ सायलेन्सर उसना आणलेला मी पाहिला आहे. प्रदूषण चाचणीची मर्यादा ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी सैल आहे, त्यामुळे निरोगी आरएक्स तीत सहज बसते. मूळ सायलेन्सर कोणालाही विकू मात्र नका.

खानापूरचा मास्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण प्रत्येक गोष्ट एकेक करून तपासायची असे ठरवले होते.

प्रथम मोजमाप. खानापूरच्या अलीकडील एका सरळ, मोकळ्या पट्ट्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसवरून साठपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मुलाला घड्याळ धरायला लावून, दोन्ही दिशांनी, तीन-तीन वेळा मोजले. सरासरी अकरा सेकंद आली.

लिहायला संकोच वाटतो, पण मागचा ब्रेक खरोखरच घासत होता. कॅम गंजून अर्धवट अडकला होता. तो साफ करून ग्रीस लावल्यावर दीड सेकंद वाचला, आणि खर्च शून्य. त्यानंतर सायलेन्सरची जाळी काढली, तर निम्म्याहून अधिक भोके बुजलेली. एक्झॉस्ट पोर्टवरही काकांनी सांगितला तसा थर होता. हे दोन्ही साफ केल्यावर वेळ आठ सेकंदांवर आली. रीडच्या एका पाकळीचा कोपरा तुटलेला निघाला, ती बदलली. गाडी तापल्यावर ॲक्सिलरेटर सोडूनही फेऱ्या खाली येत नाहीत हे लक्षण मी आजवर 'स्लो स्पीड जास्त ठेवला आहे' असे समजत होतो. मॅग्नेटो उघडल्यावर सीलचे रबर लाकडासारखे कडक झालेले दिसले. सील, रबरी जोड आणि पेट्रोलची नळी बदलून, मेन जेट एक पायरी वाढवून काल पुन्हा मोजले, तेव्हा सरासरी साडेसहा सेकंद आली. बोअर काकांनीच मापला आणि अजून रिंगांचीही गरज नाही असे सांगितले. एकूण खर्च अठराशे रुपयांच्या आत झाला आहे. कणकुंबीचा चढ पत्नीला मागे बसवून पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये काढला.

आता एक शेवटची शंका. दिवाळीच्या सुट्टीत चोर्ला घाटमार्गे साखळीला बहिणीकडे जायचे आहे. निपाणीकरांचा अनुभव वाचून उतरणीविषयी मनात धाकधूक आहे. गाडीचा मूळ ऑइल पंप चालू आहे. पेट्रोलमध्ये वेगळे तेल मिसळत नाही.

उद्यमबागचा लेथवाला

गुरुजी, ब्रेकबद्दल संकोच करू नका, तो कॅम सर्वांचाच गंजतो.

पंप मूळचा आहे हे उत्तमच, परंतु तो फेऱ्यांबरोबर ॲक्सिलरेटरच्या केबलवरही चालतो. लांब उतरणीवर ॲक्सिलरेटर बंद ठेवून गिअरच्या ओढीवर गाडी सोडली, तर इंजिन वेगाने फिरत राहते आणि तेल मात्र थेंबाथेंबाने मिळते. म्हणून चोर्ल्याच्या उतारावर दर थोड्या अंतराने ॲक्सिलरेटर एकदा हलका उघडून सोडावा, आणि वेग ब्रेकनेच आवरावा. आता आपले ब्रेक योग्य त्याच वेळी धरतात. निघण्यापूर्वी पंपाच्या केबलची खूण जुळते का ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून तपासून घ्या. खाली पोहोचल्यावर पहिले दहा किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका, साखळीला गाडी थंड झाल्यावर प्लग काढून पाहा, आणि रंग फिकट वाटला तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्या. येताना घाट चढून वर आलात की ती पुन्हा जागेवर लावायची आठवण ठेवा, नाहीतर खानापूरपर्यंत धूर काढत याल.